दोन हजार वर्षांपूर्वीचा शेतीसल्ला



शेतीचा लेखी सल्ला काही आजचा नाही बरं का! इ. स. पूर्व १६० च्या सुमारास केटो या रोमन पुढाऱ्याने शेतीवर पुस्तक लिहिले. त्याचा शेवट आहे डुकराच्या मांड्या खारवण्याने. तो सांगतो: रांजणात मीठ पसरा, कातडी खाली करून मांडी ठेवा, वर मीठ घाला. मांसाला मांस लागू देऊ नका. पाच दिवसांनी वरचे खाली करा. एकूण बारा दिवसांनी मीठ झटकून दोन दिवस वाऱ्यावर टांगा. मग तेल चोळून दोन दिवस धुरी द्या.

मीठ पाणी ओढते, म्हणून कूज थांबते. आपला खारा बांगडा अन् कैरीचे लोणचे याच युक्तीवर टिकतात. पण मांडी जाड. उन्हाळ्यात मीठ हाडापर्यंत पोचण्याआधीच ती आतून नासते. तेव्हा आपल्या उकाड्यात हा प्रयोग नको!