मीटरची चकती ते मोबाईलचा आकडा



माझ्या माहेरी जिन्याखाली मीटर होता. काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरायची. इस्त्री लावली की आई म्हणायची, "बघ, कशी पळतेय!" १८८९ मध्ये बुडापेस्टच्या ओटो ब्लाथी यांनी असा मीटर घडवला, आणि पुढे शंभर वर्षं चकतीचेच मीटर घरोघर राहिले. वापर डोळ्यांना दिसायचा, म्हणून हात आपोआप बटणाकडे जायचा.

५ जानेवारी २०१५ ला 'उजाला' योजना सुरू झाली आणि एलईडी स्वस्त झाले. साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात. ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. आम्हीही सगळे दिवे बदलले. बिल उतरलं, पण सवय बिघडली! "एवढंसं तर जळतं," म्हणत ओसरीवरचा दिवा रात्रभर राहू लागला.

चातुर्मासात एका सकाळी सासूबाईंनी दिव्याखाली मरून पडलेले किडे दाखवले. "पैसे वाचले गं, पण जीव?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता स्मार्ट मीटर आलाय. सगळे झोपलेले असतानाही आकडा चढतो, हे मोबाईलवर दिसलं. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स चालूच असायचा. आता निजण्यापूर्वी मुलगा बटणं बंद करत फिरतो. ओसरीचा दिवा मात्र सासूबाई स्वतः मालवतात.

तुमच्याकडे रात्री कोणता दिवा उगाच जळतो? आज बघाच.