आंधीतलं लुगडं

आजीचं लुगडं आंधीत गंगापार गेलं, ही गोष्ट बनारसच्या संकठा घाटावरच्या आमच्या घरात प्रत्येक उन्हाळ्यात निघायची. चुनारी दगडाच्या तापलेल्या पायऱ्यांवर ते वाळत घातलेलं, काठांवर धोंडे. जेठाची दुपार. पश्चिमेला आभाळ मातकट झालं आणि ओरड झाली, "आंधी आली, वाळवणं उचला!" आजीने आधी कुरडयांची चादर उचलली. तेवढ्यात धोंडे घरंगळले आणि लुगडं शिडासारखं फुगून निघालं. दुसऱ्या दिवशी मल्लाहाच्या पोराने ते पलीकडच्या रेतीवरून आणून दिलं आणि चार आणे घेतले. लुगड्यापेक्षा ते चार आणेच आजीला जास्त लागले होते.

आजोबांची मजल पुढे. आंधीत मासेही पडतात, म्हणायचे. आम्ही हसायचो. पण त्यांच्या बाजूने साक्षीदार आहे, तोही जेम्स प्रिन्सेप! ब्राह्मी लिपीचं कोडं पुढे यानेच सोडवलं. १८२० ते १८३० तो बनारसच्या टाकसाळीत होता. पंचगंगा घाटावरच्या 'माधवराव का धरहरा' या मशिदीचे मिनार त्यानेच दुरुस्त केले. बागेतल्या पर्जन्यमापकाच्या पितळी नरसाळ्यात आपल्याला एक लहान मासा मिळाला, असं त्याने लिहून ठेवलंय. मापक होतं पाच फुटी दगडी खांबावर.

दोन्ही गोष्टी पारखायच्या तर आधी वारा बघू. आंधीचा वारा म्हणजे ढगातून कोसळून जमिनीवर पसरलेली गार हवा. ती वस्तू आडवी लोटते. लुगडं नदीपार, फार तर शेतापर्यंत. लांबचा प्रवास घडवतो तो वर चढणारा झोत, आणि टोर्नेडोची सोंड असेल तर विचारूच नका. जड पत्रे जवळपास पडतात. कागद कित्येक किलोमीटर उंच जातो आणि तिथला वारा नेईल तिकडे जातो. १९१५ साली अमेरिकेत कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडचा एक वटलेला चेक थेट नेब्रास्कात सापडला.

म्हणून आजीचं लुगडं मला शंभर टक्के मान्य. प्रिन्सेपचा मासा मात्र एकटाच होता, आणि बनारसच्या आभाळात घारींची वाण कधीच नव्हती. मला घारीचाच संशय आहे.

कागदांचा मात्र पुरावा आहे. एप्रिल २०११ च्या अमेरिकी वादळांनंतर लोकांनी अंगणात पडलेले परक्यांचे फोटो फेसबुकवर टाकले, त्यातून नऊशेहून अधिक वस्तूंचा माग लागला. एक फोटो सुमारे ३५० किलोमीटर गेला होता. तेव्हा वादळानंतर गच्चीवर अनोळखी कागद दिसला, तर केरात टाकण्याआधी जागा आणि तारीख तेवढी लिहून ठेवा.