एक लांब, दोन आखूड

मंडळी, ज्यांच्या घरी २००० ते २०१० च्या दरम्यान असेंबल्ड पीसी होता, त्यांना हा अनुभव नक्की असणार. बटण दाबलं, पंखा फिरला, पण मॉनिटर काळाच. आणि डब्याच्या आतून एक लांब बीप, मग दोन आखूड. मग कोणीतरी जाणकार चुलतभाऊ फोनवर सांगायचा, "ग्राफिक्स कार्ड हललंय, काढून परत बसव." आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तसंच निघायचं!

आता विचार करा, आपला फ्रीज बंद पडला तर आपण तो उघडतो का? मिक्सर जळला तर तो दुकानात जातो. पीसी मात्र घरातलं एकमेव यंत्र, ज्याचा डबा उघडून रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे आणि परत 'टक्' आवाज येईपर्यंत बसवायची, हे काम घरातला दहावीतला मुलगासुद्धा करायचा. ही मुभा आपल्याला कोणी दिली? या वीकांताला त्याबद्दल.

गोष्ट सुरू होते १२ ऑगस्ट १९८१ ला. आयबीएमने आपला पहिला पीसी, मॉडेल ५१५०, त्या दिवशी जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रेटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या छोट्या टीमने तो साधारण वर्षभरात उभा केला होता. एवढ्या घाईत सगळे भाग स्वतः बनवणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून, फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीची, अशी जुळवाजुळव झाली. म्हणजे पहिला पीसी हाच एका अर्थी असेंबल्ड पीसी होता!

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आयबीएमने या मशीनचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल विकायला ठेवलं. त्यात सर्किटचे नकाशे होते आणि बायोसचा अख्खा प्रोग्रॅम छापलेला होता. हेतू साधा होता, की इतर कंपन्यांनी या पीसीसाठी कार्डं बनवावीत. पण बायोसवर कॉपीराइट होता, तो तसाच उचलता येत नव्हता. त्यावर कॉम्पॅकने युक्ती काढली. एका गटाने बायोस नेमकं काय काय करतो ते लिहून काढलं, आणि मूळ कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्यावरून नवा बायोस लिहिला. त्यांचा आयबीएमशी जुळणारा पीसी नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. पुढे फिनिक्ससारख्या कंपन्या असा बायोस कोणालाही विकू लागल्या, तैवानमध्ये मदरबोर्डचे कारखाने उभे राहिले, आणि तिथून हा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत पोचला. आपण घासाघीस करून 'बोर्ड अमुक, रॅम तमुक' अशी यादी हातात घेऊन जे मशीन बांधून आणायचो, त्याचं मूळ त्या मॅन्युअलमध्ये आहे.

बीपचंही तेच. चालू होताना पीसी आधी स्वतःची तपासणी करतो, तिला पोस्ट म्हणतात. ग्राफिक्स कार्डच सापडलं नाही तर चूक दाखवायची कुठे? म्हणून स्पीकर. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची अडचण, हा आयबीएमचा संकेत, आणि अवॉर्डच्या बायोसने तो तसाच ठेवला. एएमआयने मात्र स्वतःचे वेगळे संकेत ठरवले. त्यामुळे बीप मोजण्याआधी बायोस कोणाचा ते बघावं लागतं. आणि 'कीबोर्ड एरर, प्रेस एफ-वन टू कंटिन्यू' हा विनोदही याच तपासणीचा. कीबोर्डच नाही तर एफ-वन दाबू कुठून, राजा?

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ही सुद्धा याच टीमची देणगी. डेव्हिड ब्रॅडली या इंजिनियरने ती आपल्या सहकाऱ्यांसाठी केली होती, चाचणी घेताना सारखं बटण बंद-चालू करावं लागू नये म्हणून. एका हाताने चुकून दाबली जाऊ नये अशा तीन कळा त्यांनी निवडल्या. ती जगभरच्या घरांत पोचेल असं काही त्यांच्या मनात नव्हतं. २००१ साली पीसीच्या विसाव्या वाढदिवसाला बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडली म्हणाले, की शोध माझा असेल पण प्रसिद्धी यांनी मिळवून दिली. गेट्स फारसे हसले नाहीत म्हणतात. :)

आता वीज. विंडोज ९५ आणि ९८ चे मूळचे रूप सलग ४९.७ दिवस चालू ठेवलं तर लटकू शकायचं. कारण वेळ मिलिसेकंदात मोजणारा ३२ बिटांचा आकडा तेवढ्यात भरायचा. हा दोष १९९९ साली लक्षात येऊन दुरुस्त झाला, म्हणजे विंडोज ९५ बाजारात येऊन साडेतीन वर्षं होऊन गेली होती! तोपर्यंत कोणाचं मशीन एवढे दिवस टिकलंच नसावं. महाराष्ट्रात तर हा दोष सापडणं अशक्यच होतं. ४९ दिवस सलग वीज कोणाकडे होती?

पण वीज गेली की एक दुसरंच नाटक व्हायचं. परत चालू केल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क यायचं आणि विंडोज नीट बंद केलं नाही म्हणून आपल्यालाच समज द्यायचं. बंद आपण केलंच नव्हतं, वीज मंडळाने केलं होतं! यामागचं कारण असं, की तेव्हाची फॅट ही फाइल सिस्टिम डिस्कवर लिहिताना आधी नोंद ठेवत नसे. मध्येच वीज गेली तर कुठला तुकडा कुठल्या फाइलचा हा हिशोब अर्धवट राहायचा, आणि तो जुळवायला अख्खी डिस्क चाळावी लागायची. एनटीएफएस 'आता मी हे करतोय' अशी नोंद आधी करते. विंडोज एक्सपी २००१ साली आलं आणि ही सोय घराघरांत पोचली. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत यूपीएसइतकाच उपकार एनटीएफएसनेही केला, फक्त त्याचे आभार कोणी मानले नाहीत.

तरीही दुरुस्तीवाल्याचं एक वाक्य कायम होतं, "फॉरमॅट मारावा लागेल." आपल्या लोकांनी त्यावर उपाय शोधला होता. सी ड्राइव्हला विंडोज, डी ड्राइव्हला फोटो आणि गाणी. फॉरमॅट सी ला, संसार डी वर सुरक्षित. डिस्क स्वतःच गेली तर दोन्ही जातात, हा भाग वेगळा.

तर हे सगळं आठवायचं कारण. आमच्या घरी २००४ साली आलेला पेंटियम फोर अजून आहे. तो आला तेव्हा मी पहिलीत होतो. त्यावर बाबांनी आजोबांच्या आठवणी टाइप केल्या होत्या. आजोबा सांगायचे आणि बाबा रात्री बसून लिहायचे. आजोबा २००९ मध्ये गेले. साठ-एक पानं आहेत, आणि छापील प्रत कधी काढलीच गेली नाही. मागच्या दिवाळीत बाबांनी विचारलं, "ते निघेल का रे यातून?"

डिस्क बाहेर काढून, यूएसबी अ‍ॅडॉप्टर लावून आधी सगळ्याची प्रत घेतली. जुन्या मशीनचं काहीही करण्याआधी हे करावंच. फाइली मिळाल्या, पण त्या त्या काळच्या एका मराठी सॉफ्टवेअरच्या खास फॉरमॅटमध्ये होत्या. आणि ते सॉफ्टवेअर चालायला मागच्या पॅरलल पोर्टला खोचलेला हार्डवेअर लॉक लागतो. माझ्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट कुठला असायला? म्हणजे जुनं मशीनच उठवणं भाग होतं.

बटण दाबलं तर मशीन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद. डबा उघडला तर प्रोसेसरशेजारचे पाच कपॅसिटर माथ्यावर फुगलेले, एकातून तपकिरी काहीतरी गळलेलं. ही एकट्या आमच्या बोर्डाची कथा नाही. साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर असेच सदोष कपॅसिटर होते. आतल्या द्रवाचं रसायन बिघडलेलं, त्यामुळे आत वायू तयार व्हायचा आणि माथ्यावरची खाच फुटायची. चोरलेल्या अर्धवट फॉर्म्युल्याची कहाणी तेव्हा खूप छापून आली होती. डेलने तर २००५ साली अशा बोर्डांच्या खर्चासाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. उपाय मात्र स्वस्त आहे. कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी त्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्याच व्होल्टचे नवे कपॅसिटर, अधिक-उण्याची बाजू बघून, अर्ध्या तासात डकवून दिले. (पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका, बंद असतानाही आत चार्ज राहतो.)

मग तारीख. मशीन आपण २००४ सालात आहोत असं म्हणत होतं. मूळ पीसीला तर स्वतःचं घड्याळच नव्हतं, डॉस दर वेळी तारीख विचारायचं. १९८४ च्या पीसी एटीमध्ये आयबीएमने बॅटरीवर चालणारं घड्याळ बसवलं, आणि तीच प्रथा आजही मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये आहे. सेलचं नाव सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. जनरल स्टोअरमध्ये मिळतो. तुमच्या जुन्या कंप्युटरवर एकही सुरक्षित वेबसाइट उघडत नसेल, तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मशीनच्या मते साल २००४ असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याला 'अजून सुरूच न झालेलं' वाटतं, आणि ते दार लावून घेतं. इतक्या मोठ्या बिघाडाला इतका छोटा उपाय क्वचितच असतो. (एक्सपीचं मशीन इंटरनेटला जोडू नका, हा सल्ला त्यानंतरच्या विंडोजसाठी आहे.)

एक्सपी उघडलं, सॉफ्टवेअर उघडलं, आजोबांची पानं दिसली. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. पण मजकूर बाहेर काढला तर लॅपटॉपवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण युनिकोड रुळण्याआधी मराठी फाँट वेगळ्याच पद्धतीने चालायचे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पुण्यातल्या सी-डॅकमुळे इस्कीसारखं सरकारी प्रमाण होतं, विंडोज २००० पासून मंगल फाँट आणि युनिकोडही होतं. पण एक्सपीत देवनागरी नीट दिसायला सीडी घालून वेगळी फाइल टाकावी लागायची, म्हणून टायपिंग जुन्याच फाँटमध्ये होत राहिलं. हे बदलणं म्हणजे फक्त अक्षरामागे अक्षर ठेवणं नाही. जुन्या फाँटमध्ये 'कि' लिहिताना आधी वेलांटी येते, युनिकोडमध्ये आधी 'क'. 'कर्म'चा रफार जुन्यात 'म'नंतर, युनिकोडमध्ये 'म'च्या आधी. या एका फाँटची मांडणी कुठे छापलेली मिळाली नाही. मी स्क्रीनवर पानं बघत एकेक आकार जुळवून छोटी स्क्रिप्ट लिहिली. तीन वीकांत गेले. बाबांनी शुद्धलेखन तपासलं.

हे करताना सारखं जाणवत होतं. कपॅसिटरवर आकडे छापलेले होते, सेलच्या नावात त्याचं माप होतं, बीपचा अर्थ चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवला होता. म्हणून मशीन एका शनिवारात उठलं. जे लिहून ठेवलं नव्हतं त्याला तीन आठवडे लागले, आणि मशीन भंगारात गेलं असतं तर तेही जमलं नसतं.

आता वारं उलटं आहे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डकवलेली असते, खोडरबर घेऊन काय करणार? विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठराविक यादीतला प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१६ चं धडधाकट मशीनही कागदोपत्री निवृत्त. त्यावर लिनक्स छान चालतं. फक्त प्रोसेसर ६४ बिटांचा आहे ना ते बघा, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' साठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं. ते चांगलंच झालं. पण उघडता येणारा डबा आणि छापलेलं मॅन्युअल यांची जागा पोर्टल घेऊ शकत नाही.

असो. तुमच्या माळ्यावर असा एखादा पीसी असेल तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला देण्याआधी एकदा डिस्कची प्रत काढा. त्यात जुन्या फाँटमधलं काही असेल तर घरातल्या ज्याने ते टाइप केलं त्याला शेजारी बसवा आणि आत्ताच युनिकोडमध्ये आणा. फाँटचं नाव कोणतं, कळा कोणत्या, हे त्यांच्याच लक्षात असतं. आणि जे जमलं ते लिहून ठेवा, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.