बाहुली, पट आणि मण्यार

आमच्या आदिलाबादकडे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कापसाच्या रानात दोन्ही. त्या रानातली मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला डसते. दाताची खूण बहुधा दिसत नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात. १९८६ साली माझ्या धाकट्या काकांना पोटदुखीच्या गोळ्या देऊन घरी पाठवले गेले. दुपारपर्यंत ते गेले. दवाखान्याचे नाव घेत नाही. डॉक्टर पोरसवदा होता. वाचले असेल त्याने, पाहिले नव्हते.

न पाहिलेले आधी कसे दाखवावे, हा प्रश्न जुनाच. आपल्याकडे मोक्षपट होता. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. पाप केले की साप गिळणार, पुण्य केले की शिडी. पोरांना ते कीर्तनापेक्षा लवकर कळत असावे!

आधुनिक वैद्यकाला मात्र एका खेळणीवाल्याने हात दिला. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावचा आस्मुंड लेर्डाल मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या करी. त्याचा स्वतःचा लहानगा बुडता बुडता वाचला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पीटर साफर प्रभृतींनी तोंडाने श्वास देण्याची रीत सिद्ध केली. पण सराव करायचा कोणावर? लेर्डालने १९६० साली माणसाएवढी बाहुली काढली. तिचा चेहरा, पॅरिसच्या सीन नदीत सापडली म्हणतात त्या अनाम मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला. बुडालेलीच्या तोंडावर जगाने जीव वाचवायला शिकावे, हे मला अजून चटका लावते.

माझा भाचा सध्या डॉक्टरी शिकतो. गेल्या दिवाळीत त्याने मित्रांसाठी पत्ते केले. एकावर रोगी, दुसऱ्यावर घड्याळ. घोणसीचा पत्ता निघाला तर दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालून वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही तर विष भिनले. साबणाने धुतलेली नळी घेतली की डाव गेला. कीटकनाशक पोटात गेलेला रोगी आला तर ॲट्रोपिन, आणि छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट. हिशेब चुकला की पोरे आरडाओरडा करीत.

मला त्यांनी रोगी केले. अट एकच, तेलुगूतच बोलायचे. "कडुपु नोप्पि," मी म्हणालो. पोट दुखतंय.

एकाने गोळीचा पत्ता उचलला. भाच्याने त्याचा हात धरला.

"थांब. मामा, रात्री झोपला कुठं होतात?"

"खाली," मी म्हणालो. तेलुगू विसरूनच गेलो.

त्याने माझ्या पापण्या पाहिल्या.