रोजच्या जगण्यातील श्रद्धा: सोलापूर–अक्कलकोट सीमाभाग आणि मराठी ख्रिस्ती घराचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले मैंदर्गी हे लहान नगरपरिषदेचे गाव आहे. भोसले घराण्याचे अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा त्याचा मुलूख सोलापूर जिल्ह्यात आला. या पट्ट्यात घराची भाषा बहुधा कन्नड आणि कचेरीची मराठी असते. येथे वीरशैव लिंगायत समाजाचा प्रभाव मोठा आहे आणि त्या समाजाची दैनंदिन उपासना, म्हणजे गळ्यात धारण केलेले इष्टलिंग तळहातावर घेऊन केलेली पूजा, घरातच पार पडते. तिला देवळाची गरज नसते. जवळच अक्कलकोटास स्वामी समर्थांचा मठ आहे आणि सोलापुरास बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांची परंपरा आहे. धर्म हा रोजच्या अन्नपाण्याशी आणि कामधंद्याशी जोडलेला असतो, हे या मुलखाला कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची आवश्यकता नव्हती. अशा प्रदेशात वाढणाऱ्या ख्रिस्ती तरुणाला आपल्या श्रद्धेचा विचार करताना जे प्रश्न पडतात, त्यांची मुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती घराच्या इतिहासात शोधावी लागतात.

हा इतिहास प्रायः मिशनऱ्यांच्या आगमनाच्या, बाप्तिस्म्यांच्या आणि शास्त्रार्थांच्या अंगाने लिहिला गेला आहे. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार. तो एका दिवसात होतो आणि नोंदवहीत एका ओळीत मावतो. परंतु त्यानंतर पाणी कोठून भरायचे, कोणाच्या हातचे खायचे, जत्रेत हलगी वाजवायची की नाही, रविवारी शेतावर जायचे की प्रार्थनेस, हे प्रश्न रोज नव्याने उभे राहत. मराठी मुलखात ख्रिस्ती श्रद्धा रुजली ती या प्रश्नांच्या उत्तरांतून, आणि ती उत्तरे शोधणारी माणसे बहुतांशी तरुण होती.

सीमाभागात या धर्माचे दोन प्रवाह दोन भाषांतून आले. अमेरिकन मराठी मिशन या संस्थेचे पहिले प्रतिनिधी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले. १८३१ मध्ये अहमदनगर हे त्यांचे केंद्र झाले आणि १८६० मध्ये लोहमार्ग सोलापुरास पोहोचल्यानंतर त्याच दशकात सोलापुरातही या मिशनचे काम उभे राहिले. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये छापले गेले होते. कन्नड बाजूस बेळगाव आणि बळ्ळारी येथे लंडन मिशन होते, संपूर्ण कन्नड बायबल १८३१ मध्येच तयार झाले होते आणि १८३४ मध्ये मंगळूर येथे आलेल्या बासेल मिशनने पुढे धारवाड गाठले होते. १८७१ मध्ये सोलापूरचा लोहमार्ग अक्कलकोट रोड, दुधनी, गुलबर्गा या वाटेने रायचूरपर्यंत गेला, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एका वाटेवर आले. ज्या घरात आजी कन्नडमध्ये बोलते आणि नातू शाळेत मराठी शिकतो, त्या घरात प्रार्थना कोणत्या भाषेत करायची, हा प्रश्न ग्रंथांतून सुटणारा नव्हता. तो ज्याच्या त्याच्या माजघरातच सुटला.

अन्नाचा प्रश्न किती निर्णायक होता, हे १८४३ मधील शेषाद्री बंधूंच्या प्रकरणातून कळते. नारायण शेषाद्री यांनी त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, पण न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तरी त्याने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले होते, आणि तेवढ्यावरून त्यास जातीत परत घ्यावे की नाही, असा वाद मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणवर्गात पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास घेण्याचा पक्ष धरला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. वादात श्रीपतच्या मनातील श्रद्धेची चौकशी फारशी कोणी केली नाही. चौकशी झाली ती त्याच्या पानाची. थोरले नारायण शेषाद्री यांनी पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत स्थापली. मांग समाजातील नवख्रिस्ती कुटुंबांचा तीत मोठा भरणा होता, म्हणजे ज्यांच्या पंक्तीचा विचारही पूर्वीच्या आयुष्यात त्यांना करता आला नसता, त्यांच्याबरोबर त्यांनी उरलेले आयुष्य काढले.

बाबा पदमनजी यांचे उदाहरण सीमाभागास अधिक जवळचे आहे. त्यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावात कासार कुटुंबात झाला, म्हणजे मैंदर्गीप्रमाणेच मराठी आणि कन्नड एकमेकींत मिसळलेल्या मुलखात. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेशी त्यांचा संबंध आला आणि १८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी लहानपणच्या व्रतांपासून तारुण्यातील शंकांपर्यंतचा आपला प्रवास सांगितला आहे; मराठीत एखाद्या तरुणाने आपल्या श्रद्धेचा असा सविस्तर आणि प्रामाणिक हिशेब देण्याचा हा आरंभीचाच प्रयत्न होय. त्यांच्या काळापर्यंत कायद्याने थोडा आधार दिला होता. १८५० च्या कायद्याने धर्म बदलल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही अशी तरतूद केली आणि १८६६ च्या कायद्याने धर्मांतरित पती वा पत्नीस, जोडीदार नांदावयास तयार नसल्यास, विवाहविच्छेदाची वाट ठेवली. कायद्याला विवाहाचा विचार करावा लागला, यावरून घराच्या उंबरठ्यावर केवढी तुटातूट होत होती, ते लक्षात येते.

त्या तुटातुटीचे आणि तिच्यातून पुन्हा जुळण्याचे सर्वांत सच्चे चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर होत्या आणि या निर्णयात त्यांचा काहीच वाटा नव्हता. त्यानंतर काही काळ त्या पंढरपुरास नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. सोलापूर जिल्ह्यातील या तीर्थक्षेत्री त्यांनी पतिविरहाचे आणि लोकनिंदेचे दिवस काढले. पुढे मुलाला घेऊन त्या पतीकडे गेल्या, तरी त्यांनी आपले सोवळे, स्वयंपाक आणि पाणी वेगळेच ठेवले. एका कुटुंबात दोन चुली पेटत होत्या आणि टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात रोजच्या वागण्यातून घोळत गेला, आणि तो एकदा निकाली निघाल्यावर त्यांनी आधी दुसऱ्यांच्या हातचे पाणी घेतले व नंतर, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. त्यांच्या बाबतीत सिद्धान्त आचाराच्या मागून आला, आणि म्हणूनच त्यांची श्रद्धा पुढील सर्व आपत्तींत टिकून राहिली, असे म्हणावेसे वाटते.

परंतु टिळक दांपत्य किंवा पदमनजी यांच्यासारखी उच्चवर्णीय अथवा सुशिक्षित माणसे संख्येने थोडी होती. अमेरिकन मराठी मिशनच्या खेड्यांतील मंडळ्या, म्हणजे स्थानिक उपासक-समुदाय, मुख्यतः महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. कन्नड मुलखात त्याच स्तरातील होलेय आणि मादिग समाजांतून. त्यांच्यासाठी रोजच्या श्रद्धेचा प्रश्न अधिक बिकट होता, कारण गावगाड्यातील त्यांचे काम धर्माशी बांधलेले होते. महारांकडे येसकरकी, सांगावा पोहोचवणे आणि मेलेली जनावरे ओढणे ही कामे होती. मांगांकडे दोर वळणे आणि लग्न, जत्रा, देवकार्ये यांत हलगी वाजवणे. हलगी वाजवायचे नाकारले तर बलुते, म्हणजे गावाने हंगामाला द्यायचे धान्य, बंद होण्याचे भय होते. वाजवली तर मंडळीच्या शिस्तीला बाध येत होता. रविवार हा विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस मानायचा, तर शेतमजुराला रविवार परवडत नसे; पोटाची सोय आठवड्याच्या बाजारावर आणि पाटलाच्या बोलावण्यावर अवलंबून होती. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये. त्याआधी आणि गिरणीबाहेर, रविवार पाळणे म्हणजे एका दिवसाची मजुरी सोडणे होते. ज्या कुटुंबांनी ती सोडली, त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत, आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासलेखनातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

दुष्काळांनी हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा केला. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या काळात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. मिशनच्या अनाथालयांत आलेली दुष्काळग्रस्त मुले तेथेच शिकली आणि त्यांतील अनेक पुढे शिक्षक झाली. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती मिशनचा विस्तारही याच वर्षांत झाला. भाकरीसाठी धर्म बदलला, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. काही घरांत तसे घडले असणार, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. तथापि ज्या मुलाला भुकेच्या वेळी अन्न मिळाले, त्याने पुढे पाऊस चांगला पडल्यावरही, नातेवाइकांचा बहिष्कार सोसत, आपल्या मुलांना त्याच श्रद्धेत वाढवले, तर त्या पुढच्या वर्षांचा हिशेब भाकरीच्या आक्षेपात बसत नाही.

या सर्व ताणांना पुरून उरली ती कुटुंबप्रार्थना. दिवेलागणीनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून बायबलमधील उतारा वाचायचा, एखादे गीत गायचे आणि घरातील आजारी, परगावी गेलेले व कर्जात अडकलेले यांची नावे घेऊन प्रार्थना करायची, अशी ही रीत. वाचता न येणाऱ्या आईवडिलांना शाळेत जाणारे मूल वाचून दाखवी, आणि त्यामुळे घरातील सर्वांत लहान माणसाला उपासनेत मानाचे स्थान मिळे. खेड्यातील एकखोली शाळेचा मास्तर दिवसा धुळाक्षरे गिरवून घेई आणि रविवारी उपासना चालवी. बायबल वुमन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवत. गीते मराठी वळणाची होती. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी पदे रचली, कीर्तनाची चाल ख्रिस्ती कथेसाठी वापरली गेली, आणि टिळकांच्या अभंगांनी व पदांनी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाला त्याचा खरा सूर दिला. नामदेव-तुकारामांच्या वळणाचे शब्द जिभेवर असलेल्या माणसाला या गीतांत परकेपण वाटले नाही.

तरुणांसाठी स्वतंत्र संघटनाही याच काळातल्या. फ्रान्सिस क्लार्क या काँग्रिगेशनल पाळकाने, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्याच परंपरेतील धर्मोपदेशकाने, १८८१ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही तरुणांची संस्था काढली आणि ती मिशनांच्या मार्गाने जगभर पसरली. तिच्या सभासदाला रोज प्रार्थना व बायबलवाचन करण्याचे आणि सभेत स्वतः काहीतरी बोलण्याचे वचन द्यावे लागे. ज्या समाजात पिढ्यानुपिढ्या तरुणाने वडीलधाऱ्यांपुढे आणि दलिताने गावापुढे गप्प बसायचे असा दंडक होता, तेथे देवाविषयी स्वतःच्या शब्दांत बोलणे ही मोठीच मोकळीक होती.

काँग्रिगेशनल परंपरेतील बहुतेक मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. त्यामुळे दलित ख्रिस्ती तरुणाला आजही शाळेच्या दाखल्यावरील धर्माचा रकाना भरताना आपल्या श्रद्धेची किंमत मोजावी लागते, आणि ती मोजण्याची पाळी त्याच्या पणजोबांवर बलुत्याच्या रूपाने आली होती.

सोलापूर, अक्कलकोट आणि सीमेपलीकडील गुलबर्गा-विजापूर या पट्ट्यातील ज्या घरांत जुनी मराठी वा कन्नड बायबले आहेत, त्यांच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू यांच्या हस्तलिखित नोंदी असण्याचा संभव मोठा आहे. मंडळ्यांच्या नोंदवह्यांबरोबर ही पानेही, दोन्ही भाषांतली, त्या घरांतील आजच्या तरुणांनी उतरवून घ्यावीत आणि आजीआजोबांची साक्ष त्यांना जोडावी. या मुलखातील ख्रिस्ती घराचा इतिहास त्यांच्यावाचून लिहिता येणार नाही.