परदेशी निधीतून पाणलोट विकास : इंडो-जर्मन कार्यक्रमाच्या अटी आणि गावाचे पाणी

परदेशी मदतीचा प्रकल्प गावात येणार म्हटले, की किती पैसे मिळणार हा पहिला प्रश्न असतो. त्याआधी निधी अनुदान आहे की कर्ज, हे पाहावे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाला (पोकरा) जागतिक बँकेचे कर्ज आहे. ते शासन फेडते. १९९० च्या दशकात सुरू झालेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम मात्र जर्मनीच्या अनुदानावर चालला. केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेचा पैसा नाबार्डमार्फत येत असे. गावांची तयारी करून घेण्याचे काम १९९३ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) स्थापन झालेल्या 'वॉटर' या संस्थेकडे होते. यामागे फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंचा पुढाकार होता.

अटी आधी, निधी नंतर

ग्रामसभेने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान कबूल केल्याशिवाय काम मंजूर होत नसे. अकुशल मजुरीच्या खर्चातील १६ टक्के वाटा गावाने श्रमदानातून द्यायचा. भूमिहीनांना त्यातून सूट होती. ऊस आणि सिंचनासाठी बोअर टाळण्याचीही अट होती. आधी छोट्या क्षेत्रावर काम करून दाखवायचे, मग पूर्ण पाणलोट. कामे माथा ते पायथा, शेतकऱ्याला बरोबर घेऊन गटनिहाय आखली जात.

यात चराईबंदी सर्वांत अवघड. तिचा भार मेंढ्या-शेळ्यांवर जगणाऱ्या कुटुंबांवर पडतो आणि विहिरीत वाढलेले पाणी जमीनधारकाला मिळते. म्हणून सगळे कुरण एकदम बंद करू नये. टप्प्याटप्प्याने बंद करावे, कापून नेण्यासाठी गवताचा हक्क याच कुटुंबांना आधी द्यावा. हे ठरले नाही, तर चर महिन्याभरात तुडवले जातात.

मुरलेल्या पाण्याचा हिशेब

एक हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १,००० हेक्टरच्या गावात ५०० मिमी पाऊस पडला, तर ५०० कोटी लिटर झाले. काळ्या खडकात बहुतेक ठिकाणी त्यातला साधारण दहावा भाग किंवा त्याहून कमीच आपोआप मुरतो. तो ५० कोटी लिटर धरू. चर, बांधबंदिस्ती आणि नालाबांधांमुळे यात भर पडते, पण गाव त्यामुळे धरणाखाली येत नाही.

पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. पावसाचा वाटा वजा केला, तरी सुमारे ३० हेक्टर ऊस हे ५० कोटी लिटर संपवतो. हरभऱ्याला हेक्टरी २५ ते ३० लाख लिटर पुरते. तेवढ्याच पाण्यात दीडशे हेक्टरहून जास्त हरभरा निघतो.

मुरलेले पाणी मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात राहते. त्यात खोल बोअर गेला, की शेजारच्या विहिरी उतरतात. अनुदान देणारा तोवर निघून गेलेला असतो, त्यामुळे ही बंदी पुढे गावालाच पाळावी लागते. माझ्या मते अनेक चांगले पाणलोट इथेच वाया जातात.

भारत सरकार आणि नाबार्डने १९९९-२००० मध्ये प्रत्येकी १०० कोटी रुपये घालून पाणलोट विकास निधी उभारला, तो याच पद्धतीवर. निधी कोणाचाही असो, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये निवडक विहिरींची पातळी मोजावी. पिण्याचे पाणी आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढावे, आणि रब्बीचे क्षेत्र पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत ठरवावे.