किण्वन-अभियांत्रिकीतील विद्यार्थी-संशोधन

सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने उपयुक्त पदार्थ मोठ्या प्रमाणावर तयार करण्याच्या प्रक्रियेस औद्योगिक किण्वन म्हणतात व तिच्या अभिकल्पाचा, नियंत्रणाचा आणि तिच्यासाठी लागणाऱ्या पात्रांचा शास्त्रीय विचार जीवरासायनिक अभियांत्रिकीत केला जातो. मद्य, दही, शिरका इत्यादींच्या रूपाने किण्वन मानवास प्राचीन काळापासून ज्ञात असले, तरी त्यास गणिती व अभियांत्रिकीय पाया विसाव्या शतकाच्या मध्यासच लाभला. या पायाभरणीचा बराचसा भाग पदवीसाठी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातून झाला, ही या शाखेच्या इतिहासातील लक्षणीय बाब होय. १९४१–४९ या काळातील तीन प्रबंधांवरून ती स्पष्ट होते.

पहिला प्रबंध झाक मॉनो (१९१०–७६) यांचा. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये सॉर्बॉन येथे १९४१ साली त्यांनी जंतुसंवर्धांच्या वाढीवरील प्रबंध सादर केला. पोषकद्रव्य अल्प असताना वाढीचा वेग त्याच्या संहतीबरोबर वाढत जातो, परंतु संहती पुरेशी झाल्यावर तो एका कमाल मूल्यापाशी स्थिरावतो, असे त्यांना आढळले. हा संबंध दर्शविणारे सूत्र ‘मॉनो समीकरण’ म्हणून प्रसिद्ध असून किण्वनपात्राच्या अभिकल्पात ते आजही वापरतात. दोन भिन्न शर्करा एकत्र दिल्यास काही जंतू प्रथम एक संपवितात व थोड्या विरामानंतर दुसरीकडे वळतात, हेही याच अभ्यासात दिसून आले. या विरामाचे कारण शोधताना पुढे जनुकांच्या नियंत्रणाचा उलगडा झाला व १९६५ चे नोबेल पारितोषिक मॉनो यांना फ्रांस्वा झाकॉब व आंद्रे ल्वॉफ यांच्यासमवेत मिळाले.

दुसरे संशोधन अमेरिकेतील रटगर्झ विद्यापीठातील आल्बर्ट शात्स (१९२०–२००५) यांचे. मृदासूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वॅक्समन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच्.डी. साठी काम करीत असता १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस या सूक्ष्मजीवाचे दोन प्रभेद वेगळे केले. त्यांपैकी एक खत घातलेल्या जमिनीतील मातीतून व दुसरा कोंबडीच्या घशातील स्रावातून मिळाला होता. त्यांपासून मिळालेले स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगावरील पहिले परिणामकारक प्रतिजैव औषध ठरले. जानेवारी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधावर शात्स, एलिझाबेथ ब्यूजी व वॅक्समन अशी नावे होती. ब्यूजी याही त्या वेळी विद्यार्थिनीच होत्या. परंतु एकस्वाच्या अर्जात त्यांचे नाव नव्हते. वॅक्समन व शात्स यांच्या नावे ते एकस्व १९४८ मध्ये मंजूर झाले.

या शोधाचे श्रेय व लाभ कोणाचा, यावरून पुढे वाद उद्भवला. स्वामित्वशुल्कातील वाटा वॅक्समन यांना मिळत असल्याचे कळल्यावर शात्स यांनी १९५० मध्ये न्यायालयात दावा दाखल केला. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या तडजोडीनुसार शात्स यांना सहसंशोधक म्हणून मान्यता आणि स्वामित्वशुल्काचा ३ टक्के भाग मिळाला. वॅक्समन यांचा भाग १० टक्के ठरला व आणखी ७ टक्के प्रयोगशाळेतील इतर सहकाऱ्यांत वाटावयाचे ठरले. तथापि १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना देण्यात आले. विषयाची दिशा व प्रयोगशाळा मार्गदर्शकाची, तर प्रत्यक्ष निरीक्षण विद्यार्थ्याचे, अशा वेळी शोध कोणाचा मानावा, हा प्रश्न या प्रकरणाने ठळकपणे पुढे आणला. रटगर्झ विद्यापीठाने १९९४ मध्ये शात्स यांना पदक देऊन गौरविले.

तिसरा प्रबंध अभियांत्रिकीचा आहे. पेनिसिलिनाची बुरशी आरंभी बाटल्यांतील द्रवाच्या पृष्ठभागावर वाढवीत. दुसऱ्या महायुद्धात मागणी वाढल्याने ती मोठ्या टाक्यांत, द्रवात बुडालेल्या अवस्थेत वाढविणे भाग पडले. १९४४ मध्ये ब्रुकलिन येथे सु. २८,००० लि. धारणाशक्तीच्या टाक्या वापरात आल्या. परंतु सामान्य तापमानास १ लि. पाण्यात हवेतील ऑक्सिजन जेमतेम ८ मिग्रॅ. विरघळतो व दाट संवर्धात तो अल्पावधीत संपतो. म्हणून निर्जंतुक हवा सतत सोडून व द्रव घुसळून ऑक्सिजन पुरवावा लागतो. याच प्रक्रियेस लागणाऱ्या ऑक्सिजनाचे परिमाण एल्मर गेडन (१९२३–२०१२) यांनी कोलंबिया विद्यापीठातील १९४९ च्या प्रबंधात अभ्यासिले. अनुभवाने चालणाऱ्या या कामास त्यामुळे मोजमापाची शिस्त आली. पुढे, उत्पादनिर्मितीचा सूक्ष्मजीवांच्या वाढीशी असलेला संबंध पाहून त्यांनी किण्वनांचे तीन प्रकार मांडले. जीवरासायनिक अभियांत्रिकीचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी दुहेरी संबंध आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या शासकीय कारखान्यात प्रथम पेनिसिलीन व नंतर स्ट्रेप्टोमायसीनही तयार होऊ लागले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रविद्या विभागात वायू व द्रव यांच्या संपर्काचा मूलभूत अभ्यास झाला. मनमोहन शर्मा यांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी यांनी १९७७ मध्ये तेथेच पीएच्.डी. मिळविली आणि १९७९ मध्ये या दोघांनी बुडबुडे-स्तंभातील द्रवाच्या अभिसरणाचे प्रतिमान मांडले. हवा सोडून चालविल्या जाणाऱ्या किण्वनपात्रांतही द्रवाचे असेच अभिसरण होत असते.

सूक्ष्मजीवाची निवड, त्याच्या वाढीचा नियम व त्यास श्वसनासाठी लागणारा ऑक्सिजन ही किण्वनाची तीन अंगे होत. वरील तीन प्रबंधांनी त्यांपैकी एकेकाचा पाया दृढ केला. मॉनो व गेडन यांची नावे त्यांच्या कार्याशी निर्विवादपणे निगडित राहिली. शात्स यांना मात्र ती मान्यता न्यायालयाच्या मार्गाने मिळवावी लागली.